कणकवलीहून अभियांत्रिकीला कोठे अर्ज करावा? मुंबई, कोल्हापूर की रत्नागिरी

डोंबिवलीचा_चाकरमानी

माझ्या थोरल्या बंधूंची कन्या यंदा कणकवलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी विज्ञान उत्तीर्ण झाली असून एमएचटी-सीईटीमध्ये तिला नव्वदच्या किंचित वर पर्सेंटाइल मिळाले आहे. तिची दहावीही सिंधुदुर्गातूनच झाली आहे. प्रवर्ग इतर मागासवर्ग, नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र हाती आहे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या बरेच आत आहे. तिला संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्स या शाखा हव्या आहेत, परंतु शाखेसाठी वाटेल त्या महाविद्यालयात जाण्याची तिची तयारी नाही.

घरात दोन मते आहेत. बंधूंचे म्हणणे असे की कोल्हापूर शंभराच्या आसपास किलोमीटरवर आहे, सकाळी एसटीत बसले की दुपारच्या आत माणूस पोहोचतो, तेव्हा ऑप्शन फॉर्ममध्ये कोल्हापूर-सांगलीचीच महाविद्यालये वर टाकावीत. वहिनींना रत्नागिरीच्या पलीकडे मुलगी पाठवायची नाही. मी स्वतः डोंबिवलीत राहतो आणि तिने माझ्याकडे राहून मुंबईत शिकावे असे मला वाटते, परंतु माझ्या वाटण्यात स्वार्थ किती आणि विचार किती हे मलाच नीट ठरवता येत नाही. गोव्याचा पर्याय नातेवाइकांपैकी कोणीतरी सुचवला आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माजी_समुपदेशक

आपण अंतराचा विचार प्रथम मांडला आहे, परंतु कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, अंतराला काहीही स्थान नाही. तेथे आधी पाहिले जाते ते विद्यार्थ्याचे गृह विद्यापीठ, म्हणजे प्रवेशाच्या भाषेत होम युनिव्हर्सिटी. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेला विद्यार्थी ‘टाइप ए’ मध्ये मोडतो आणि त्याची होम युनिव्हर्सिटी तो बारावी ज्या ठिकाणाहून उत्तीर्ण झाला त्यावरून ठरते. जन्मगाव, आधार कार्डावरचा पत्ता किंवा वडिलांच्या नोकरीचे ठिकाण यांचा त्याच्या बाबतीत संबंध येत नाही.

आता सिंधुदुर्ग जिल्हा कोणत्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो ते पाहा. मुंबई शहर व उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र आहे. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे शिवाजी विद्यापीठाचे. म्हणजे नकाशावर आपल्या पुतणीला कोल्हापूर कितीही जवळ असले तरी नियमाच्या दृष्टीने ती तेथे बाहेरची आहे आणि साडेचारशे किलोमीटरवरच्या माटुंग्यात, अंधेरीत किंवा नेरुळला ती घरची आहे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत कॅपच्या राज्यांतर्गत जागांपैकी ७० टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के जागा इतर विद्यापीठ क्षेत्रांतील विद्यार्थ्यांसाठी असतात. महाविद्यालय स्वायत्त झाले म्हणून खासगी संस्थांत ही विभागणी सुटत नाही.

शासकीय आणि अनुदानित स्वायत्त संस्थांचे मात्र वेगळे आहे. पुण्याचे सीओईपी, माटुंग्याचे व्हीजेटीआय, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीचे वालचंद अशा संस्थांत जागा राज्यस्तरीय असतात. तेथे गडचिरोलीचा विद्यार्थी आणि गिरगावचा विद्यार्थी एकाच यादीत उभे राहतात. आपल्या पुतणीच्या पर्सेंटाइलला त्यांतील पहिल्या दोन संस्थांत संगणक मिळणे कठीण आहे, परंतु कराड आणि सांगली येथील इतर शाखा तिने नजरेआड करू नयेत.

मागील वर्षांचे कट-ऑफ पाहताना महाविद्यालयाच्या नावापुढचा एकच आकडा पाहू नका. त्या यादीतील सांकेतिक अक्षरे वाचावी लागतात. पहिले अक्षर ‘जी’ असेल तर ती सर्वसाधारण जागा आणि ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव जागा, मध्ये प्रवर्ग, आणि शेवटी ‘एच’ म्हणजे होम, ‘ओ’ म्हणजे होमव्यतिरिक्त आणि ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. आपल्या पुतणीचा विचार खुल्या आणि ओबीसी अशा दोन्ही प्रवर्गांच्या जी आणि एल, म्हणजे चार प्रकारच्या जागांवर होतो. मुंबईच्या महाविद्यालयासाठी त्यांचे ‘एच’चे आकडे पाहावेत आणि कोल्हापूरच्या महाविद्यालयासाठी ‘ओ’चे. पालक बहुतेक वेळा ‘जी-ओपन-एच’ एवढेच पाहून आशा धरतात किंवा सोडून देतात.

पंचगंगाकाठ

वरील माहिती अचूक आहे, परंतु त्यातून कोल्हापूरचा पर्याय निकालात निघाला असा समज होऊ नये म्हणून लिहितो. ३० टक्के जागांवर स्पर्धा कोण करते हेही पाहिले पाहिजे. पुण्याच्या नामांकित महाविद्यालयांकडे सोलापूर, सातारा, नांदेड, जळगाव अशा सर्व दिशांनी मुले धावतात, म्हणून तेथे ‘ओ’चा कट-ऑफ बऱ्याचदा ‘एच’पेक्षा वर जातो. कोल्हापूरकडे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रांतून येणारा ओघ त्या मानाने कमी आहे आणि काही शाखांत ‘ओ’चा आकडा ‘एच’च्या खालीही आलेला दिसतो. त्यामुळे कोल्हापूरचे केआयटी किंवा इचलकरंजीचे डीकेटीई यांच्या ‘ओ’ रांगा गेल्या काही वर्षांच्या यादीत अवश्य तपासाव्यात. डीकेटीई १९८२ साली वस्त्रोद्योगाच्या गावात सुरू झालेली संस्था आहे आणि वस्त्र अभियांत्रिकीसाठी तिचे नाव असले तरी संगणकाच्या शाखाही तेथे आहेत.

जाण्यायेण्याचे मात्र पावसाळ्यातले वास्तव बंधूंना सांगा. कोकणातून कोल्हापूरला रेल्वे नाही. वैभववाडी-कोल्हापूर मार्गाची चर्चा आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आहोत. फोंडाघाट, करूळ किंवा भुईबावडा चढूनच यावे लागते आणि ऐन जुलै-ऑगस्टमध्ये दरड आली की एखादा घाट बंद होतो. जवळचे शहर म्हणजे दर शनिवारी घरी, अशी कल्पना असेल तर ती पहिल्या सत्रातच विरते. राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र मुंबईच्या तुलनेत निश्चितच कमी आहे आणि मुलींच्या खाणावळी व वसतिगृहे महाविद्यालयांच्या परिसरात भरपूर आहेत.

नीरा_खोरे

थोडे अवांतर वाटेल, पण मुद्दा हाच आहे. आमच्याकडे इंदापूर पुणे जिल्ह्यात आणि अकलूज सोलापूर जिल्ह्यात. दोन्ही गावांतील मुले एकाच बसने एकाच शिकवणीला जातात. बारावी इंदापुरातून झालेल्या मुलाला पुण्यात ७० टक्के जागा खुल्या आणि अकलूजच्या मुलाला ३० टक्के, कारण सोलापूर विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र झाले. बारामती आणि फलटण यांचेही तसेच आहे, कारण फलटण सातारा जिल्ह्यात, म्हणजे शिवाजी विद्यापीठाकडे. याउलट अहिल्यानगर आणि नाशिक जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात असल्याने पार त्र्यंबकेश्वरचा मुलगा पुण्यात होम ठरतो. अकरावीला प्रवेश घेताना ही गोष्ट आमच्या भागात एकही शिक्षक पालकांना सांगत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

मांजराकाठ

नीरा_खोरे यांच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. लातूर पॅटर्नच्या ओढीने सोलापूर, बीड, धाराशिव, अगदी नगरकडूनही मुले अकरावी-बारावीसाठी लातूरला येतात. लातूर जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आहे, तर बीड आणि धाराशिव छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात. नगरचा जो मुलगा गावी राहिला असता तर पुण्याला होम ठरला असता, तो लातूरहून बारावी झाल्यावर पुण्यासाठी बाहेरचा होतो. वैद्यकीयसाठी येणाऱ्यांना याने फरक पडत नाही. परंतु नीटमध्ये जमले नाही आणि मग अभियांत्रिकीचा अर्ज भरला, असे दरवर्षी कितीतरी घरांत होते आणि तेव्हा ही बाब प्रथमच समोर येते.

प्रश्नार्थक

७०:३० सूत्र शासनाने रद्द केले असे वाचल्याचे स्मरते. मग वरील चर्चा जुन्या नियमांवर चालली आहे का?

माजी_समुपदेशक

रद्द झाले ते वैद्यकीय प्रवेशाचे प्रादेशिक सूत्र. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा तीन विभागांत एमबीबीएसच्या जागा ७०:३० वाटल्या जात. मराठवाड्यात महाविद्यालये कमी असल्याने तेथील मुलांवर अन्याय होतो ही तक्रार जुनी होती आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र काढून टाकण्यात आले. अभियांत्रिकीची होम युनिव्हर्सिटीची पद्धत ही वेगळी गोष्ट आहे. आकडे सारखे असल्याने दोहोंची नेहमी गल्लत होते. जेईईमार्गे एनआयटीला जाणाऱ्यांसाठी आणखी एक तिसरी पद्धत आहे. तेथे निम्म्या जागा गृहराज्यासाठी असतात आणि ते राज्यही बारावी कोठून उत्तीर्ण झाली यावरूनच ठरते. महाराष्ट्रातील मुलांसाठी ते नागपूरचे व्हीएनआयटी.

मालवणची_माहेरवाशीण

मी नवी मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि माझे स्वतःचे शिक्षण तळकोकणातून येऊनच झाले आहे, म्हणून खर्चाची बाजू मांडते, कारण वरील सर्व प्रतिसादांत ती जवळजवळ आलेलीच नाही.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क संपूर्ण माफ झाले आहे. आपली पुतणी त्यात थेट बसते. याचा परिणाम असा की सरकारी महाविद्यालय स्वस्त आणि खासगी महाग हा आपल्या पिढीचा हिशेब तिला लागू होत नाही. विकास शुल्क आणि इतर किरकोळ शुल्के भरावी लागतील, पण चार वर्षांचा खरा खर्च आता राहणे, जेवण आणि प्रवास यांचाच आहे. म्हणून आपल्या डोंबिवलीच्या घराचे मोल आपण समजता त्याहून पुष्कळ अधिक आहे.

यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतील. ही माफी कॅपमधून मिळालेल्या प्रवेशाला आहे. विनाअनुदानित महाविद्यालयांत २० टक्के जागा संस्थास्तरावर भरल्या जातात आणि त्यांतील व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ती मिळत नाही. त्याचप्रमाणे खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या योजनेतून वगळलेली आहेत. गेल्या काही वर्षांत अनेक जुनी परिचित महाविद्यालये अशा विद्यापीठांत रूपांतरित झाली आहेत आणि फाटकावरील पाटीवर नाव जवळजवळ तेच असते, तेव्हा ऑप्शन फॉर्म भरण्यापूर्वी प्रत्येक संस्थेचा आजचा दर्जा पाहून घ्यावा. आणि तिसरी गोष्ट अशी की महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरील शुल्कमाफीचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो. पहिल्या वर्षी उत्साहाने भरतात आणि दुसऱ्या वर्षी तारीख उलटल्यावर आमच्या कार्यालयाच्या खिडकीपाशी मुली रडत उभ्या राहतात.

मुंबईत ती घरची आहे हे खरे, पण घर मोठे आहे आणि वाटेकरीही तितकेच. मुंबई-ठाण्यातील उत्तम गुणांची सर्व मुले त्याच ७० टक्क्यांत आहेत. शिवाय मुंबईतील अनेक मागणी असलेली महाविद्यालये अल्पसंख्याक दर्जाची आहेत. विलेपार्ल्याचे डी. जे. संघवी गुजराती भाषिकांसाठी, वांद्र्याचे थडोमल शहानी आणि चेंबूरचे व्हीईएसआयटी सिंधी भाषिकांसाठी. तेथे निम्म्याहून थोड्या अधिक जागा त्या समाजाच्या विद्यार्थ्यांकडे जातात आणि उरलेल्यांत इतर सर्वांची वाटणी होते. त्यामुळे एकूण प्रवेशक्षमतेचा आकडा पाहून भुलू नये.

डोंबिवलीचा_चाकरमानी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. होम युनिव्हर्सिटीची बाब बंधूंना दूरध्वनीवर सांगितली तेव्हा त्यांनी प्रथम विश्वासच ठेवला नाही. कोल्हापूरला दवाखाना, बाजार आणि लग्नाचा बस्ता या सर्व कामांसाठी जाणाऱ्या माणसाला आपण तेथे परके कसे, हे पटणे अवघडच आहे.

दोन शंका राहिल्या आहेत. माझ्या घरातून रोजचा प्रवास झेपेल अशी महाविद्यालये कोणती धरावीत? आणि रत्नागिरीविषयी कोणी तटस्थपणे सांगू शकेल का? वहिनींचा कल तिकडेच आहे.

मालवणची_माहेरवाशीण

डोंबिवलीहून ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर मार्गाने ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ ही स्थानके गाठता येतात आणि या पट्ट्यात अर्धा डझन तरी महाविद्यालये आहेत. हा प्रवास गर्दीचा असला तरी रोज करणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. मध्य रेल्वेवर माटुंगा, शीव, विद्याविहार हा टापू सरळ पडतो. अंधेरी, विलेपार्ले, वांद्रे यांसाठी दादर किंवा घाटकोपरला गाडी बदलावी लागते आणि सकाळच्या प्रयोगशाळेच्या वेळेला ते अंगावर येते. वसई-विरारकडचा विचार डोंबिवलीहून करूच नये. कणकवलीत चालत कॉलेजला गेलेल्या मुलीला पहिले तीन-चार महिने लोकलच्या दरवाजाची भीती वाटते, हेही गृहीत धरा आणि तिच्यासमोर त्यावर हसू नका.

भाट्ये_किनारा

रत्नागिरीविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. रत्नागिरी जिल्हाही मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात असल्याने आपली पुतणी येथेही होम आहे. शहरात फिनोलेक्स अकादमी १९९६ पासून आहे, देवरुखजवळ आंबव येथे राजेंद्र माने महाविद्यालय आहे आणि अलीकडे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही सुरू झाले आहे. नव्वद पर्सेंटाइलच्या मुलीला येथे हवी ती शाखा मिळण्याची शक्यता मुंबईपेक्षा कितीतरी अधिक आहे. कोकण रेल्वेने कणकवली-रत्नागिरी दोन तासांच्या आसपास लागतात आणि शनिवारी दुपारी निघून संध्याकाळी घरी जाणाऱ्या मुली माझ्या शेजारीच भाड्याने राहतात.

उणीवही सांगतो. नव्या शासकीय महाविद्यालयाला अजून आपली ओळख घडवायची आहे. परिसरात माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या नाहीत, त्यामुळे प्रशिक्षणासाठी तिसऱ्या वर्षापासून मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. ज्या मुलीला स्वतःहून शोधाशोध करण्याची सवय आहे तिचे यात काही अडत नाही. ज्या मुलीला महाविद्यालयाने हात धरून न्यावे अशी अपेक्षा आहे तिचे अडते.

रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठही विसरू नका. मुंबई-गोवा महामार्गावरच आहे, आवार मोठे आणि निवासी आहे. मुंबईची गर्दी नको आणि रत्नागिरी फार लहान वाटते, अशा घरांना मधला मार्ग म्हणून ते ठिकाण मानवते.

पेडण्याहून

गोव्याच्या पर्यायाविषयी थोडक्यात. फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासूनचे आणि चांगले आहे, परंतु राज्याच्या जागांसाठी गोव्यातील दीर्घ रहिवासाची अट आहे. कणकवलीत राहून शिकलेल्या मुलीने त्यावर विसंबू नये. फर्मागुडीलाच असलेल्या आयआयटीत आणि कुंकळ्ळीच्या एनआयटीत प्रवेश जेईईमार्गे होतो आणि एनआयटीत ती बाहेरच्या राज्याची धरली जाईल.

खरी गुंतागुंत आमच्या सीमेवर आहे. दोडामार्ग, सावंतवाडीकडची काही मुले दहावी-बारावी गोवा बोर्डातून करतात. त्यांचे घर महाराष्ट्रात असले तरी ती टाइप ए मध्ये बसत नाहीत. त्यांना महाराष्ट्राच्या अधिवास प्रमाणपत्रावर टाइप बी मधून अर्ज करावा लागतो आणि त्यांची होम युनिव्हर्सिटी त्या अधिवासावरून ठरते. येथे कोणी तसा पालक वाचत असेल तर ते प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवावे.

निपाणीकर

पेडण्याहून यांच्या प्रतिसादाला पुस्ती. बेळगाव, निपाणी, खानापूर या वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत टाइप ई आहे. आमच्याकडील अनेक मुलांना हे ठाऊकच नसते आणि ती फक्त कर्नाटकाची सीईटी देतात. दोन्ही राज्यांचे दार उघडे असणे हा सीमाभागाच्या वाट्याला आलेला एक दुर्मीळ फायदा आहे. मात्र त्यासाठी रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला विहित नमुन्यात लागतो आणि तो मिळवण्यात वेळ जातो.

वऱ्हाडी_ठेचा

हा सगळा धागा वाचल्यावर एक प्रश्न पडतो. महाविद्यालय कोणत्या विद्यापीठात यावर इतका काथ्याकूट करण्यापेक्षा मिळेल तेथे संगणक घ्यावा आणि मोकळे व्हावे, असे आमच्या बुलढाण्याकडे सरळ मानतात. मलकापूरहून जळगाव जवळ, पण आम्ही अमरावती विद्यापीठाचे. म्हणून शेगावला जागा मिळवली आणि शिकलो.

पंचगंगाकाठ

आपल्याला शेगाव मिळाले म्हणून आपण असे म्हणू शकता. कोठल्यातरी महाविद्यालयात संगणक घेऊन शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापकच नाहीत, असे अनुभवलेल्या मुलांना विचारून पाहा. मागणी आहे म्हणून शाखेच्या तुकड्या वाढल्या, नावात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स आले, पण शिकवणारी माणसे त्या वेगाने वाढली नाहीत. कराडला स्थापत्य किंवा विद्युत घेतलेल्या मुलाची स्थिती त्याहून वाईट असते असे मला वाटत नाही. १९६० पासूनची प्रयोगशाळा आणि माजी विद्यार्थ्यांचे जाळे यांनाही काही किंमत आहे.

माजी_समुपदेशक

या वादाचा निकाल पुतणीने लावावा, आपण नव्हे. मी पर्यायांच्या क्रमाविषयी लिहितो, कारण तेथे नियम बदलले आहेत.

पूर्वापार सल्ला असा होता की पसंतीक्रम निखळ इच्छेनुसार लावा. वर अवघड महाविद्यालय टाकल्याने खालचे हातचे जात नाही, कारण यंत्रणा गुणवत्ताक्रमाने एकेका विद्यार्थ्याला घेते आणि त्याच्या यादीत वरून खाली येत जो पहिला पर्याय उपलब्ध असेल तो देते. हा सल्ला आजही खरा आहे. परंतु २०२५ च्या प्रवेशांपासून फेऱ्या चार झाल्या आणि जागा आपोआप गोठण्याचा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला तर तो प्रवेश निश्चित मानला जातो आणि पुढील फेऱ्यांचे दार बंद होते. म्हणून वरच्या सहा जागांवर ‘बघू मिळते का’ अशा वृत्तीने काहीही लिहू नये. त्या सहांतील प्रत्येक ठिकाणी मुलगी खरोखर जाण्यास तयार असली पाहिजे आणि वहिनी तिला पाठवण्यास तयार असल्या पाहिजेत. मिळाल्यावर घरात वाद सुरू होण्यापेक्षा तो आधी होऊन जाऊ द्या.

आपल्या बाबतीत मी वर राज्यस्तरीय संस्थांतील तिला मान्य असलेल्या शाखा ठेवीन. त्यानंतर मुंबई-नवी मुंबईतील अशी महाविद्यालये की ज्यांच्या एल-ओबीसी-एच किंवा जी-ओबीसी-एच रांगेत तिचे पर्सेंटाइल मागील वर्षाच्या आकड्याजवळ येते. मग कोल्हापूरची ‘ओ’ तपासून निवडलेली दोन-तीन. शेवटी रत्नागिरी आणि लोणेरे भक्कम आधार म्हणून, आणि त्यांची संख्या कमी ठेवू नये. यादी लांब करण्यात कंजुषी केल्यामुळे रिकाम्या हाताने तिसऱ्या फेरीपर्यंत आलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

डोंबिवलीचा_चाकरमानी

काल रात्री बंधू, वहिनी आणि पुतणी तिघेही दूरध्वनीवर होते आणि चर्चा बरीच पुढे गेली. पुतणीने स्वतः कट-ऑफच्या याद्या उघडून ‘एच’ आणि ‘ओ’च्या रांगा वेगळ्या काढल्या. तिच्या मते नेरुळ-ऐरोली पट्ट्यातील इलेक्ट्रॉनिक्स आणि रत्नागिरीतील संगणक यांत तिला रत्नागिरीतील संगणक अधिक भावते आणि त्याचे कारण शाखेइतकेच लोकलही आहे. मला थोडे वाईट वाटले, पण यादी तिची आहे. कराडची विद्युत शाखा ती सर्वांत वर ठेवणार आहे. कोल्हापूरचे दोन पर्याय बंधूंच्या आग्रहाखातर यादीत आहेत, मात्र पहिल्या सहांत नाहीत.

आता कागदपत्रांकडे वळतो. नॉन-क्रीमीलेयर आहे, जातीचा दाखला आहे, जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज केलेला आहे परंतु ते अद्याप आलेले नाही. याने अडचण येईल का?

मालवणची_माहेरवाशीण

येऊ शकते, आणि हे काम यादीपेक्षा तातडीचे आहे. अर्ज करताना समितीकडे प्रस्ताव दाखल केल्याची पावती जोडता येते, परंतु मूळ वैधता प्रमाणपत्र शासनाने दिलेल्या मुदतीत सादर न झाल्यास विद्यार्थिनी खुल्या प्रवर्गात धरली जाते आणि ओबीसीच्या जागेवर मिळालेला प्रवेश जातो. शुल्कमाफीचा हक्कही त्याच प्रमाणपत्राशी बांधलेला आहे. बंधूंना ओरोसच्या जिल्हा जात पडताळणी समितीच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन प्रस्तावात त्रुटी काढली आहे का ते विचारायला सांगा. बहुतेक प्रकरणे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर किंवा महसुली नोंदीवर अडलेली असतात आणि त्रुटीचे पत्र घरी पोहोचलेलेच नसते. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची मुदत चालू आर्थिक वर्षाअखेरपर्यंत आहे ना, तेही त्याच दिवशी तहसील कार्यालयात पाहून घ्यावे.

कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचाही अर्ज करा. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या ओबीसी विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्यासाठी त्यातून रक्कम मिळते. ती मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत आहे आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी त्याहून कमी. प्रत्येक जिल्ह्याला लाभार्थ्यांची संख्या ठरलेली आहे, म्हणून सूचना निघताच अर्ज करावा.

डोंबिवलीचा_चाकरमानी

उत्पन्न अडीच लाखांच्या किंचित वर आहे, त्यामुळे ती योजना बसणार नाही. बंधू सोमवारी सकाळी ओरोसला जात आहेत. पणजोबांचा शाळेचा दाखला देवगडच्या एका प्राथमिक शाळेत असल्याचे घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितले आहे, त्याची साक्षांकित प्रत ते आधी शनिवारी आणून ठेवतील. फेरीचा निकाल लागला की येथेच कळवतो.